मुंगी शिरणार नाही असं कपाट

पिंपळझरीला सरकारी रेडिओ मिळणार, ही बातमी आष्टीच्या बाजारातून आली. बाजारातून आलेल्या बातमीचं जे होतं तेच तिचंही झालं: विश्वास कोणी ठेवला नाही आणि सांगितली सगळ्यांनी. पण सन पंचावन्नच्या चैत्रात विकास-ब्लॉकच्या हापिसातून शिक्क्याचा कागद आला, तेव्हा हसणारेही गप्प झाले. कागदात अट एकच होती. बॅटरीवर चालणारा सेट शाळेत ठेवायचा, पण त्यासाठी गावानं आधी लाकडी कपाट करायचं, भिंतीत पक्कं बसवलेलं आणि कुलपाचं. कपाट नाही तर रेडिओ नाही.

सभा शाळेच्या ओसरीत भरली. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, गुरुजींची बायको सुमतीबाई बसली होती. एरवी सभेला ती यायची ते नवऱ्याचं भाषण कुठे लांबलं हे घरी सांगता यावं म्हणून. त्या दिवशी मात्र कान टवकारून आली होती. तिची मुलगी मीरा नागपूरला मामाकडे राहून अध्यापनाचा कोर्स करत होती आणि संध्याकाळी गाणं शिकत होती. फाल्गुनात तिनं आकाशवाणीत आवाजाची परीक्षा दिली होती. पास झाली तर पावसाळ्यात केव्हातरी रेडिओवर गाणार होती. म्हणजे गावात रेडिओ आला तर सुमतीबाई लेकीचं गाणं ऐकणार, नाही आला तर नागपूरची माणसं ऐकणार आणि आई चुलीपुढे बसणार. इतका साधा मामला होता.

"तानबा, कपाटाले कितीक दिवस लागतीन?" सरपंच बंडूजींनी सुताराला विचारलं.

"आठ दिवस लय झाले जी," तानबा म्हणाला. "मांगच्या वारा-वावधानात पडला तो आंबा, त्याच्या फळ्या पडून हायेतच पंचायतीच्या गोठ्यात. सुकून टनक झाल्या."

झालं असतं. सभा उठली असती, लोक वावरात गेले असते. पण दत्तोपंत गुरुजी उभे राहिले.

दत्तोपंत आठ वर्षांमागे वर्ध्याहून बुनियादी शिक्षणाचा, म्हणजे हातकामातून शिकवण्याचा, अभ्यास करून इथल्या शाळेवर आले होते. माणूस सरळ, अंगावर स्वतः कातलेल्या सुताची बंडी, खोटं बोलण्याचा कंटाळा. दोष एवढाच, की एखादं वाक्य त्यांच्या तोंडून चांगलं निघालं की त्यांना त्याप्रमाणे वागावं लागे. 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द तर ते इतक्या वेळा म्हणत, की गावातल्या दोनतीन म्हाताऱ्या तो एखाद्या देवीचं नाव समजत. स्वतः गुरुजींच्या हाताला घट्टा होता तो एकच, टाक धरायच्या बोटाला.

"ज्या गावात बुनियादी शाळा आहे," ते म्हणाले, "त्या गावानं आपलं कपाट दुसऱ्याच्या घामातून करून घ्यायचं? मुलांना काय दाखवणार आपण? हे कपाट मी करीन. माझ्या हातानं. एकट्यानं."

तानबानं टोपी मागे सरकवली. "गुरुजी, रंधा धरला हाय काय कधी?"

"धरीन."

"तसं नाई जी. रंधा म्हंजे बैल राह्यते. अनोळखी हात लगेच समजते त्याले."

माणसं हसली. बंडूजी हसले नाहीत. बंडूजींना हसणं आणि बोलणं दोन्ही मोजून खर्चायची सवय होती. गावाखालच्या नाल्यावर पूल हवा होता, पूल ब्लॉकच्या साहेबांच्या हातात होता, आणि साहेबांना असल्या गोष्टी आवडतात हे बंडूजी जाणून होते. मास्तरानं स्वतः रंधा मारलेलं कपाट साहेबांना दाखवता आलं, तर सुताराच्या कपाटापेक्षा ते पुलाच्या जास्त जवळ जात होतं.

"गुरुजी म्हनतात तं गुरुजीच करतीन," ते म्हणाले. "तानबा, तू हत्यारं दे."

तानबानं हत्यारं दिली. करवत, रंधा, पटाशी, हातोडी, आणि काटकोन पाहायचा लाकडी गुण्या. देताना एकेकाचं नाव सांगितलं, धार कुठे असते ते दाखवलं, आणि घरी गेला. कामाचं काम गेलं, वर हत्यारं गेली. पण माणूस खळखळून हसत गेला, म्हणून कोणाच्या ते ध्यानात आलं नाही.

शाळेला सुटी लागली आणि गुरुजींनी ओसरीत कारखाना मांडला. पहिले चार दिवस त्यांनी करवत चालवली, का करवतीनं त्यांना, हे सांगणं कठीण. सरळ रेघेवर निघालेली करवत टोकाला पोचेपर्यंत अर्धा आंबा ओलांडून यायची. फळी हलते म्हणून ते चिडायचे.

"अगं, जरा धर."

सुमतीबाईनं धरली. मग दुसरं टोक धरलं. मग करवतीची दुसरी मूठ धरली. पुढे पुढे सकाळचा स्वयंपाक उरकून ती ओसरीत येऊन बसायची ती उन्हं कलेपर्यंत. चौकट ठोकली तीच मुळी तिच्या गुडघ्यावर. गुण्या लावून कोपरा तिरका निघतो आहे हे आधी तिला दिसलं, आणि ते तिनं नवऱ्याला स्वतःहून दिसेल अशा बेतानं तिथे बोट ठेवून दाखवलं. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

शेजारची शकुबाई ताक घेऊन आली ती तोंडाला हात लावून उभी राहिली. "माय वो मास्तरीनबाई! तुमी काऊन भुसा खाऊन राह्यल्या?"

"गुरुजी एकट्यानं कपाट करताहेत ना," सुमतीबाई म्हणाली.

शकुबाईला ते समजायला दोन घोट ताक लागलं. मग ती एवढी हसली की ताक सांडलं.

फळ्या जोडायची वेळ आली तेव्हा तानबानं सरसाचं मडकं आणून ठेवलं. गुरुजींनी वास घेतला. "हे कशाचं?"

"सरस जी. चामड्याचा, हाडाचा. पक्का बसते."

"जनावर मारून केलेल्या वस्तूनं शाळेचं कपाट जोडायचं? नाही तानबा. बाभळीचा डिंक आण."

"डिंक पावसायात पाघळते, गुरुजी."

"झाड आपल्याला देतं त्यात भागवायचं."

डिंक आला. त्यानं फळ्या जोडल्या, वरून खिळे मारले. उरलेल्या डिंकात गेरू कालवून गुरुजींनी कपाटाला आतून, बाहेरून आणि कडांनाही तीन हात दिले. कपाट तांबडं लाल, चकचकीत झालं. बिजागऱ्या आतून बसवल्या, कारण बाहेरून बसवल्या तर चोर त्या खोलील. पाठीच्या फळ्यांचे खिळे पलीकडून वाकवले आणि ती पाठ भिंतीत चिणली. आणि दाराची झापडं अशी बसवली की दोन झापडांच्या मधून उजेडाची रेघसुद्धा जाईना. यासाठी ते तीन दिवस रंध्याशी झुंजले होते. खरोखर झुंजले होते. हाताला आता खरे घट्टे पडले होते आणि जेवताना ते घट्टे ते मधूनच अंगठ्यानं चाचपून पाहत. सुमतीबाईला ते पाहून बरं वाटायचं, हेही सांगून टाकलं पाहिजे.

तानबा बघायला आला. त्यानं झापड उघडलं, लावलं. नख घालून पाहिलं. नख जाईना.

"गुरुजी, साजरं झालं. पन एक सांगू? वैशाखात केलेल्या दाराले पैशाएवढी फट ठेवा लागते. लाकूड आता तहानेलं हाय. श्रावनात पानी पेईन न मंग फुगीन. म्या रंध्यानं दोन साली काढून देतो. अर्ध्या घडीचं काम."

ओसरीत बंडूजी होते, आणखी पाचदहा माणसं होती. ऐकणारे असले की गुरुजींचं वाक्य चांगलं निघे.

"तानबा, फट कोण ठेवतं माहीत आहे? ज्याला कामातून लवकर सुटायचं असतं तो. पगारी हात फट ठेवतो. प्रेमानं केलेल्या कामात फट नसते."

तानबा या खेपेला हसला नाही. "बराबर हाय जी," म्हणाला, आणि आपला गुण्या तेवढा उचलून घेऊन गेला.

सुमतीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आपलंच वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहत होता.

ज्येष्ठात साहेब जीपमधून सेट घेऊन आले. शाळेवर बांबू उभारून तार ताणली, बॅटरी जोडली, आणि पिंपळझरीच्या भिंतीतून नागपूरचा माणूस बोलायला लागला. साहेबांनी मात्र रेडिओपेक्षा कपाटच जास्त न्याहाळलं. झापडावर टिचकी मारली, फट शोधली. "वा! अहो, मुंगी शिरणार नाही! हे तुम्ही एकट्यानं केलंत? सुताराचा हात नाही?"

"नाही," गुरुजी म्हणाले. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा होता आणि हे त्यांना खोटं वाटलंच नाही. बायकोचा हात म्हणजे दुसऱ्याचा हात, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेबांच्या सांगण्यावरून कपाटावर पाटी लागली: 'हे कपाट श्री. दत्तोपंत गुरुजी यांनी एकट्याच्या श्रमाने घडविले.' श्रावणात दुसऱ्या बुनियादी शाळांचे शिक्षक घेऊन येतो, त्यांना हे दाखवायचं आहे, असं साहेब सांगून गेले. बंडूजींनी जीपपर्यंत पोचवताना नाला दाखवला.

आषाढात मीराचं पत्र आलं. आवाज पास झाला होता. 'गुरुवार, ४ ऑगस्ट, संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहा. दोन भावगीतं आणि एक अभंग. अभंगाची चाल तू दळताना म्हणायचीस तीच धरली आहे, गाण्याचे गुरुजी म्हणाले फार जुनी आणि चांगली आहे, कुठून मिळाली. मी म्हटलं घरची आहे. ऐकून कसं वाटलं ते लिही.'

सुमतीबाईनं पत्र तीनदा वाचलं आणि मग नवऱ्याला दिलं.

"गाणं वाईट नाही," दत्तोपंत म्हणाले. "पण त्यातून निर्माण काय होतं? सूत निघतं? भाकर निघते?"

"तुमच्या भाषणातून किती निघाल्या?"

हे तिनं हसून म्हटलं म्हणून त्यांनीही हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बंडूजींना, बंडूजींच्या ओसरीतल्या टपालवाल्याला आणि वाटेत भेटलेल्या दोन गाडीवानांना, आपली कन्या आकाशवाणीवर गाणार असल्याचं सांगितलं. बापच होता तो.

आषाढ सरता सरता कपाटाची झापडं जड झाली. आधी एका हातानं उघडत, मग दोन्ही हात लागू लागले, मग एक पाय भिंतीला. गुरुजी म्हणत, लोक वाकडं ओढतात. सुमतीबाईला तानबाचे शब्द आठवत होते. जुलैच्या अखेरीस गुरुजी पगाराच्या कामाला आष्टीला गेले, तसं तिनं शकुबाईकरवी तानबाला बोलावून घेतलं.

तानबा आला. रंधा पंच्यात गुंडाळून आणला होता, कोणाला दिसू नये म्हणून.

"माह्या मनात नव्हतं यायचं," तो म्हणाला. "पन तुमची पोरगी गानार हाय म्हने. लहानपनी माह्याच अंगनात खेये ते. बोला, काढू दोन साली? गुरुजीले समजनारबी नाई. गेरू फासून देतो वरून."

सुमतीबाईनं झापडं ओढली. कुरकुरली, पण उघडली. उघड्या झापडाच्या वर पाटी होती. एकट्याच्या श्रमाने. आठ दिवसांत साहेब येणार, बाराचौदा मास्तर येणार, नवरा त्यांच्यापुढे उभा राहून सांगणार की सुताराचा हात नाही. आजपर्यंत तो सांगत होता ते त्याच्या लेखी खरं होतं. तानबाचा रंधा फिरला की ते खोटं होणार, आणि ते खोटं करणारी आपण. नवऱ्याला कळणार नाही, पण आपल्याला रोज कळत राहणार.

"नको तानबाभाऊ," ती म्हणाली. "उघडतंय अजून. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"झड लागली तं?"

"नाही लागायची."

तानबानं रंधा पुन्हा पंच्यात गुंडाळला. "तुमी दोघंबी एकाच मातीचे," म्हणाला. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिला कळलं नाही.

झड रविवारी लागली. श्रावणातली झड म्हणजे पाऊस नव्हे, पावसानं मांडलेलं ठाण. थेंब मोठा नाही, वारा नाही, पण रात्रंदिवस सगळं ओलं. मीठ पाणी झालं, काडी पेटेना, दोरीवरची धोतरं तीन दिवस वाळेनात. मंगळवारी कपाट उघडेना.

दत्तोपंतांनी कुलूप काढलं, ओढलं, पाय लावून ओढलं. आतलं लाकूड फुगून एकमेकांत रुतलं होतं आणि कडांना दिलेला डिंक पाघळून त्यानं झापडं चौकटीला चिकटवून टाकली होती. बातम्या चुकल्या. गावाला त्याचं फारसं वाटलं नाही. गाव बातम्यांशिवाय बरीच वर्षं जगलं होतं.

"तानबाला बोलवा," सुमतीबाई म्हणाली.

"बोलवायचं कशाला? शेगडी ठेवतो समोर. ओल गेली की आपोआप सुटेल. गुरुवारपर्यंत उघडतं, माझा शब्द."

"नाही उघडलं तर? मी उद्या निघून आष्टीला जाते. तिथे कोणाकडे तरी ऐकीन."

"शब्द दिला ना? स्वतःचं कपाट असताना दुसऱ्याच्या दारात का जायचं?"

ती राहिली. बुधवारी दिवसभर शेगडी जळली. कोळसे संपले की गुरुजी नवे घालायचे, हाताच्या पालथ्या बाजूनं लाकूड चाचपायचे. तांबडा रंग वरून फोडासारखा उकलला, पण कपाट काही उकललं नाही.

गुरुवारी दुपारी झड उघडली आणि पाच वाजल्यापासून शाळेत माणसं जमायला लागली. मीरा गाणार म्हणून शकुबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. बायका पुढे, पुरुष मागे. बंडूजींसाठी खुर्ची. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते तेव्हा गुरुजींनी कुलूप काढलं आणि मूठ धरून ओढलं. मूठ हातात आली.

मागून कोणीतरी हसलं. शकुबाईनं मान वळवून पाहिलं तसं ते थांबलं.

मग चार जणांनी नखं लावून पाहिलं, विळ्याचं पातं घालून पाहिलं. पातं घालायला फट कुठे होती? सहा वाजून पाच मिनिटांनी तानबा गर्दीतून पुढे आला. हातात पटाशी आणि हातोडी होती.

"गुरुजी, एक झापड तोडतो. दोन ठोके. रातच्याले घरी नेऊन उद्या सकायी साहेब यायच्या आत नवं बसवून देतो. बोला."

दत्तोपंत कपाटाकडे पाठ करून उभे राहिले. हातात अजून ती मूठ होती.

"उद्या पाहुणे येणार आहेत, तानबा. मोडकं दाखवू? की तुझं झापड माझं म्हणून दाखवू?"

"अहो," सुमतीबाई उठून उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. "दहा मिनिटं राहिलीत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर असं वाटलं की ते बाजूला होणार. खांदा थोडा हललाही होता. सुमतीबाईनं तो हललेला पाहिला आणि पुढे जन्मभर ती ते विसरली नाही.

"गुरुजींचं म्हननं बराबर हाय," खुर्चीतून बंडूजी म्हणाले. "उद्या साहेबापुढे गावाची इज्जत हाय. गानं काय, आज नाई तं मंग होईन."

खांदा होता तिथे परत गेला.

"सुमती, पंधरा मिनिटांचं गाणं आहे," गुरुजी म्हणाले, आणि ऐकणारे होते म्हणून पुढचं वाक्यही निघालं. "गाणं पुन्हा होईल. हे कपाट पुन्हा होणार नाही."

"कपाट तानबा आठ दिवसांत करतो."

ती गर्दीकडे वळली. "कपाट गावाचं आहे ना? मग गावानं सांगावं."

गावानं काय सांगायचं? बंडूजींना पूल हवा होता. ज्यांची पोरं शाळेत होती त्यांना गुरुजी हवे होते. ज्यांचं काहीच अडलं नव्हतं त्यांना बंडूजींशी वाकडं नको होतं. शकुबाई म्हणाली, "तोडा न वो, कायचं एवढं!" पण तिच्या नवऱ्यानं मागून "बस खाली" म्हटलं आणि नव्या लुगड्यानिशी ती खाली बसली. राहिला तानबा. त्यानं हातोडी उचलली असती तर कोणी अडवलं नसतं. पण चारचौघांत पगारी हात म्हणवून घेतलेला माणूस, बोलावल्याशिवाय ठोका कशाला मारील? तो सुमतीबाईकडे पाहत होता. तुमी सांगा, असं त्याच्या तोंडावर होतं. आणि पाचसहा दिवसांमागे त्याला परत पाठवणारी तीच होती. तिनं नजर त्याच्यावरून काढून पाटीवर नेली.

घड्याळात सव्वासहा झाले.

सुमतीबाई कपाटासमोर जमिनीवर बसली. कोणी उठून जाईना, कारण आधी कोण जाणार हा प्रश्न होता. आतला रेडिओ बंदच होता, तेव्हा ऐकू येण्यासारखं काही नव्हतं; छपरावरून ठिबकणारं पाणी आणि कोणाच्या तरी घशातली खाकर. तिला एवढंच कळत होतं की आत्ता पहिलं चाललं असेल. आता दुसरं. अभंग शेवटी घेतला असेल की मध्ये, हे पोरीनं लिहिलं नव्हतं.

साडेसहा झाले तसे दत्तोपंत म्हणाले, "झालं असेल." आवाजात सुटका होती. "पुन्हा बोलावतील तिला."

सुमतीबाई घरी गेली आणि तिनं भाकरी थापल्या. ठरल्याइतक्याच थापल्या, एक कमी नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला जीप आली, तिच्यामागे बैलगाड्यांतून तेरा मास्तर. साहेबांनी पाटी वाचून दाखवली, कपाटाभोवती सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हणाले, "उघडा गुरुजी. सेट पाहू द्या."

"त्याचं असं झालं, हवेत ओल असल्यामुळे..." गुरुजींनी सुरुवात केली.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांना अजून दोन गावं करायची होती. "बसलंय? मग तोडा की एक झापड. लाकूडच तर आहे, त्यात काय!"

"हो हो," दत्तोपंत म्हणाले. "त्यात काय! तानबा, अरे पटाशी आण."

सुमतीबाई लिंबाच्या सरबताचे पेले घेऊन दारात उभी होती. तानबा तिच्याजवळून गेला, पण वर पाहिलं नाही. पहिल्या ठोक्याला फळी चिरली, दुसऱ्याला झापड आत पडलं. दोनच ठोके, माणूस आपल्या कामाचा अंदाज चुकत नव्हता.

साहेबांना तेवढ्यात एक विचार सुचला. ते मास्तरांकडे वळले. "पाहिलंत? महिनाभर राबून केलेली वस्तू, पण तोडताना चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. स्वतःच्या श्रमाचाही मोह नाही. याला म्हणतात अनासक्ती!"

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. दत्तोपंतांनी मान खाली घातली. लाजून घातली की लाज वाटून, हे तेरा मास्तरांना कळायचं कारण नव्हतं. रेडिओ लावला, कापसावरच्या किडीबद्दल कोणीतरी बोलत होतं. बंडूजींनी साहेबांना नाल्याकडे नेलं.

दुपारी जेवण झाल्यावर दत्तोपंत कार्ड लिहायला बसले. लिहून झाल्यावर ते तिच्याकडे सरकवलं. "खाली तुझी एक ओळ टाक."

सुमतीबाईनं वाचलं. 'चि. मीरास अनेक आशीर्वाद. तुझे गायन काल आम्ही सर्वांनी, गावासह, ऐकले. गाणे संयत होते. समाधान वाटले. उच्चार अधिक स्पष्ट असावेत.'

"हे कधी ऐकलंत?"

"अगं, पोरीचा हिरमोड कशाला? तिचं मन दुखवून काय मिळणार आपल्याला?"

"आणि उच्चार?"

"उच्चार सगळ्यांचेच अस्पष्ट असतात पहिल्यांदा."

बावीस वर्षांत या माणसानं लिहून दिलेलं पहिलं खोटं तिच्या हातात होतं. हे होऊ नये म्हणून तिनं तानबाला परत पाठवलं होतं. तिनं टाक घेतला आणि उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, कोपऱ्यापर्यंत भरून लिहिलं: 'मीरा, वर लिहिलं आहे ते खरं नाही. कपाट फुगून बसलं होतं. तानबाभाऊ तोडून देत होते. यांनी तोडू दिलं नाही, आणि मीही वेळेवर सांगितलं नाही. आज सकाळी साहेबांसाठी तोडलं. तुझं गाणं मी ऐकलं नाही. आई.'

दत्तोपंतांनी वाचलं. मग म्हणाले, "हे कार्ड आहे, सुमती. उघडं. बंडूजींच्या ओसरीत सगळे वाचतात."

"माहीत आहे."

तिनं पदर खांद्यावर घेतला आणि स्वतः निघाली. गावची टपालकचेरी बंडूजींच्या ओसरीत होती, शिक्का त्यांच्याच हातात. टपालवाला बाजूला बसून पिशवीचं तोंड बांधत होता. बंडूजींनी कार्ड घेतलं आणि सवयीप्रमाणे ओठ हलवत वाचायला लागले. वरच्या ओळींवर मान डोलावली. खाली आले तसे ओठ थांबले.

"मास्तरीनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "पाकिटात टाकाचं काय? हाय माह्यापाशी एक."

"नको. असंच जाऊ द्या."

बंडूजींनी शिक्का शाईत बुडवला. एकदा बुडवला, पुन्हा बुडवला, आणि खालच्या ओळींवर हात अधांतरी धरून थांबले. सुमतीबाईनं वाकून कार्ड उलटलं आणि पत्त्याच्या बाजूला वरच्या कोपऱ्यावर, जिथे तिकीट छापलेलं असतं, तिथे बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली.